मामांची विमाने, खिडक्यांचा हिरवा रंग आणि वितळलेला एक पंख: प्लास्टिक न बिघडवता जुना रंग कसा उतरवावा?

पंचगंगाकाठ (११ जून)

शुक्रवार पेठेतील आजोळचे घर गेल्या महिन्यात रिकामे करायला घेतले, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली अकरा विमाने निघाली. माझ्या मामांनी ती १९८३ ते १९८६ या काळात सुटे भाग चिकटवून तयार केली होती. सगळी १:७२ प्रमाणाची, म्हणजे मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याची आहेत. त्यांत एक स्पिटफायर आहे, दोन हरिकेन आहेत आणि मामांच्या विशेष जिव्हाळ्याचे नॅट आहे, जे पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम सव्वानऊ सेंटीमीटर भरते. मामा आता नाहीत.

अडचण रंगाची आहे. नॅट सोडले तर बाकीच्या विमानांवर घराच्या दारे-खिडक्यांना लावून उरलेला ऑइल पेंट दिलेला दिसतो. विमानांचा हिरवा आणि माजघराच्या खिडक्यांचा हिरवा एकच आहे, हे मी दोन्ही शेजारी धरून पाहिले. जाड ब्रशने दोन-तीन हात दिल्यामुळे पंखांवरच्या पत्र्यांच्या जोडरेषा आणि रिव्हेट पूर्ण बुजले आहेत. हा रंग उतरवून विमाने नव्याने रंगवावीत, असा माझा आणि माझ्या मुलाचा विचार आहे.

एक चूक आधीच करून बसलो आहे. हार्डवेअरच्या दुकानातला थिनर कापसाच्या बोळ्यावर घेऊन एका हरिकेनच्या पंखावर फिरवला. रंग निघाला, परंतु त्याबरोबर पंखही चिकट झाला आणि माझ्या अंगठ्याचा ठसा त्यात कायमचा उमटला. तेव्हा कोणते द्रावण वापरावे, वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाचे काय करावे, आणि त्याच ट्रंकेत बिस्किटांच्या डब्यात मऊ प्लास्टिकचे पन्नासेक सैनिक आहेत त्यांना काय लावावे, हे जाणकारांनी सांगावे.

तांबडापांढरा (११ जून)

ते हरिकेन शत्रूच्या गोळीबारात सापडले होते असे सांगून खुशाल कपाटात मांडावे. माझ्याकडे याच युद्धात कामी आलेली तीन विमाने आहेत.

रसायनवाली (१२ जून)

पंचगंगाकाठ, थिनर लावल्यावर जे झाले ते टळण्यासारखे नव्हते. अशा विमानांचे कडक प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि एन.सी. (नायट्रोसेल्युलोज रंगांच्या) थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटोन यांसारखे जे द्रव असतात, त्यांत पॉलिस्टायरीन सरळ विरघळते. मामांनी भाग जोडायला जे सिमेंट वापरले असेल तेही याच तत्त्वावर काम करते: दोन्ही कडा किंचित विरघळवून त्या एकजीव करते. तुम्ही कडेऐवजी अख्ख्या पंखालाच ते लावलेत, इतकाच फरक. नखांचे पॉलिश काढण्याचा द्रव आणि पेट्रोल हेही याच जातीचे असल्यामुळे त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आता रंगाकडे वळू. ऑइल पेंट नुसता वाळत नाही. त्यातील तेलापासून बनवलेली राळ हवेतला ऑक्सिजन घेत घेत जाळ्यासारखी विणली जाते, आणि चाळीस वर्षांत ते जाळे इतके घट्ट झालेले असते की अल्कोहोलने त्याचे फारसे काही बिघडत नाही. मात्र ही राळ मुळात तेलाची असल्यामुळे तिला अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा क्षार, मारक ठरते. तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून साबण करताना जी क्रिया होते, जवळपास तीच येथे रंगाच्या थरात घडते आणि थर सैल पडतो. पॉलिस्टायरीनवर थंड अल्कलीचा परिणाम होत नाही. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांचे वागणे नेमके उलटे असते. ते अल्कलीला बऱ्यापैकी दाद देत नाहीत आणि अल्कोहोलने मऊ पडतात.

म्हणून आधी विमानाच्या पोटाकडच्या कोपऱ्यात कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल मिनिटभर चोळून पाहावे. काडीला रंग लागला तर तो ॲक्रिलिक असण्याचा संभव मोठा, आणि काडी कोरी राहिली तर तुमचा खिडक्यांचा अंदाज बरोबर आहे.

छोटासैनिक (१२ जून)

ताईंनी सांगितलेल्या दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे ॲक्रिलिकचा, माझा अनुभव बराच आहे. सात-आठ वर्षांपूर्वी हौसेने रंगवलेल्या आणि आता पाहवत नाहीत अशा साठ-सत्तर मूर्ती मी आयसोप्रोपिलनेच मोकळ्या केल्या. काचेच्या बरणीत मूर्ती बुडवायची, झाकण लावायचे, अर्ध्या तासाने काढून जुन्या दातांच्या ब्रशने हलके घासायचे, आणि जिथे रंग उरला असेल तिथे पुन्हा बुडवायचे. सुरुवातीला मी घाईने जोर लावून घासत असे आणि एका घोडेस्वाराचा भाला मोडून बसलो. नंतर लक्षात आले की ब्रशवर जोर द्यावा लागतो आहे याचा अर्थ बरणीतली वेळ कमी पडली आहे.

करोनाच्या दिवसांत घरोघरी साठवलेले सॅनिटायझर अजून कपाटात असेल, तर त्यानेही काम होते, कारण त्यात बहुधा अल्कोहोलच असते. जेल असल्यामुळे ते मूर्तीवर टिकून राहते, हा त्याचा एक फायदाच म्हणावा लागेल.

खबरदारी मात्र घ्यावी. आयसोप्रोपिलची वाफ साधारण १२ अंश सेल्सियसच्या वर ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि आपल्या कोल्हापुरात तेवढा गारठा थंडीतल्या एखाद्या पहाटेच पडतो. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते. स्वयंपाकघरात, देवघरात समईजवळ किंवा उदबत्ती लावलेल्या खोलीत हे काम करू नये.

मनीमाऊ (१२ जून)

न्हाणीघरात असते ते तपकिरी जंतुनाशक, जे पाण्यात टाकले की दुधाळ होते, तेही रंग उतरवते असे ऐकले आहे. त्यात पाइनचे तेल आणि अल्कोहोल दोन्ही असतात. कोणी वापरून पाहिले आहे काय?

तांबडापांढरा (१२ जून)

मी वापरून पाहिले आहे, आणि या वेळी विनोद करत नाही. एक दिवस भिजवल्यावर रंग सुंदर सुटला, पण मी मूर्ती थेट नळाखाली धरल्या. पाणी लागताच सुटलेल्या रंगाचा डिंकासारखा लगदा झाला, आणि तो मूर्तींच्या घड्यांत, ब्रशच्या केसांत आणि माझ्या नखांत असा बसला की मूर्ती दुसऱ्यांदा भिजवाव्या लागल्या. त्याच द्रवाच्या दुसऱ्या वाटीत खळबळून रंग पूर्ण काढावा, आणि मगच साबण व पाणी लावावे. वासाबद्दल बोलायचे तर आमच्या घरी आठवडाभर कोणीतरी बाळंतीण असल्यासारखे वाटत होते.

रसायनवाली (१२ जून)

मनीमाऊ, आपल्या नावावरून शंका येते म्हणून सांगते. त्या द्रवातील क्लोरोक्सिलेनॉल मांजरांना विषारी असते, आणि मांजरे पंजे चाटून साफ करतात. घरात मांजर असेल तर ती वाटी उघडी ठेवू नये. किंबहुना तो मार्ग सोडलेलाच बरा.

मनीमाऊ (१२ जून)

घरात दोन आहेत. मार्ग सोडला.

उद्यमनगर (१३ जून)

मूळ प्रश्न ऑइल पेंटचा आहे, तेव्हा त्यावर लिहितो. आमच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांच्या लोखंडी भागांवरचा जुना रंग काढायला कॉस्टिकची टाकी असते, परंतु ती आम्ही तापवून वापरतो. प्लास्टिकला तसे चालणार नाही, कारण पॉलिस्टायरीन ९५ ते १०० अंशांच्या आसपास मऊ होते आणि पातळ भाग त्याच्या बरेच आधी वाकू लागतात. थंड द्रावण वापरावे आणि जी गती उष्णतेने मिळाली असती ती वेळ देऊन भरून काढावी.

एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम कॉस्टिक पुरेसे आहे. कॉस्टिक नेहमी पाण्यात थोडे थोडे टाकावे, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये, कारण ते एकदम तापून अंगावर उसळते. जाड प्लास्टिकचा डबा घ्यावा. ॲल्युमिनियमचे पातेले अजिबात घेऊ नये, कारण कॉस्टिक त्याला खाते आणि हायड्रोजन वायू सुटतो. रबरी हातमोजे आणि डोळे बाजूनेही झाकणारा चष्मा हवाच. आमच्याकडे एका कामगाराच्या डोळ्यात शिंतोडा उडाला होता. शेजारीच नळ होता आणि वीस मिनिटे डोळा धुऊन त्याला डॉक्टरांकडे नेले, म्हणून दृष्टी वाचली. आपण मुलाबरोबर हे काम करणार असे लिहिले आहे. मुलाने या पायरीला दूर उभे राहावे, रंगवताना जवळ यावे.

शाहूपुरीकर (१३ जून)

माझे मत वेगळे आहे आणि ते काहींना रुचणार नाही. आमच्या घरात तीन पिढ्या गणेशमूर्ती रंगवण्यात गेल्या, त्यामुळे जुन्या हाताचे काम पुसताना माझा हात अडखळतो. तो रंग जाड आहे, ओबडधोबड आहे, रेषा बुजल्या आहेत, हे सर्व मान्य. पण तुमच्या मामांनी ती विमाने तशी पाहिली आणि तशीच जपली. नवे संच आजही बाजारात मिळतात. ते आणून मुलाबरोबर हवे तसे रंगवा, आणि ही अकरा कोमट पाण्याने धूळ पुसून काचेच्या कपाटात ठेवा.

छोटासैनिक (१३ जून)

शाहूपुरीकर, आपली भावना समजते, परंतु मूर्ती रंगवणाऱ्यांकडेही जुनी मूर्ती पुन्हा रंगवायला येतेच की. घरातली वस्तू म्हणजे वस्तुसंग्रहालयातली वस्तू नव्हे. आठवण म्हणून एक-दोन तशीच ठेवून बाकीची मोकळी करायला काय हरकत आहे?

शाहूपुरीकर (१३ जून)

पुन्हा रंगवायला येते, परंतु आम्ही जुना रंग खरवडून काढत नाही. पोपडे काढून त्यावरच हात देतो. असो, विमाने त्यांची आहेत.

किल्लेदार (१४ जून)

मऊ प्लास्टिकच्या सैनिकांबद्दल कोणीच लिहिले नाही. दिवाळीत आमच्या गल्लीतली मुले पन्हाळा करतात आणि त्याच्या तटावर प्लास्टिकचे मावळे उभे राहतात, त्यामुळे या विषयात मी पंधरा वर्षे मुरलेलो आहे. असे सैनिक बहुधा पॉलिइथिलीनचे असतात, आणि त्यावर रंग मुळातच नीट धरत नाही. सैनिक थोडा वाकवला की पोपडा उडतो. साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून नखाने किंवा लाकडी दातकोरण्याने खरवडले की बहुतेक रंग जातो, उरलेला अल्कोहोलने.

प्लास्टिक ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. रंग नसलेला बारीक तुकडा कापून साध्या पाण्यात टाकावा, आणि त्याला बुडबुडा चिकटलेला नाही हे पाहावे. तरंगला तर पॉलिइथिलीन किंवा त्याच्या घरातले. बुडाला तर तो पाण्यात विरघळेल तितके मीठ घातलेल्या पेल्यात टाकावा. तिथे तरंगला तर पॉलिस्टायरीन किंवा त्याचा भाऊबंद, आणि तिथेही बुडाला तर पीव्हीसी असण्याची शक्यता आहे. मऊ पीव्हीसी अल्कोहोलमध्ये फार वेळ ठेवले तर त्याला मऊ ठेवणारे द्रव्य निघून जाते आणि ते कडक पडते, म्हणून त्याला काही मिनिटेच ठेवावे.

गुजरीतला (१४ जून)

आमच्याकडे दागिने धुण्याचे अल्ट्रासोनिक यंत्र असते. साबणाच्या कोमट पाण्यात सुटत आलेला रंग त्यात खळाळून छान निघतो, विशेषतः रेषांमधला. परंतु यंत्राच्या टाकीत अल्कोहोल ओतू नये, आग लागू शकते. नाजूक अँटेना आणि चाकांचे दांडे मात्र त्या थरथरीने सुटून येतात, हे मी माझ्याच एका जहाजाच्या बाबतीत अनुभवले आहे. दागिन्यांच्या दुकानात जहाज धुताना पाहून गिऱ्हाईकांनी काय विचारले असेल याची कल्पना आपण करू शकता.

वळणाचारस्ता (१५ जून)

गॅरेजमध्ये मिळणारे ब्रेक ऑइल वापरावे. बाहेरच्या देशांत जुने लोक तेच वापरत आले आहेत, आणि ते ऑइल पेंटही उतरवते.

रसायनवाली (१५ जून)

उतरवते हे खरे आहे. परंतु त्यातील ग्लायकॉल ईथर कातडीतून शरीरात शिरतात, ते द्रव कुठेही सांडले तरी तिथला रंग जातो, आणि काही प्लास्टिके त्यात ठेवल्यावर ठिसूळ होतात. कॉस्टिक धोकादायक आहे हे त्याचे चटकेच सांगतात, त्यामुळे माणूस जपून वागतो. ब्रेक ऑइल हाताला लागले तर कोणी लक्षही देत नाही.

आणखी दोन गोष्टी राहिल्या. त्या काळच्या पिवळ्या, तांबड्या आणि पिवळा मिसळून केलेल्या हिरव्या ऑइल पेंटमध्ये शिसे असणे सहज शक्य आहे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ साली आले. त्यामुळे हा रंग कोरड्या पॉलिश पेपरने मुळीच घासू नये. शिसे असलेला रंग कॉस्टिकमध्ये गेल्यावर त्याचा काही अंश द्रावणातही उतरतो, म्हणून ते पाणी मोरीत ओतू नये. आपल्या मोऱ्यांचे पाणी शेवटी कुठे जाते हे आपल्या सदस्यनामातच आहे. अरुंद, उंच बरणी घेतली तर एका विमानाला पावशेर द्रावणही लागत नाही. तेच पुन्हा पुन्हा वापरून, शेवटी नाव लिहिलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून, घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे द्यावे.

दुसरी गोष्ट नॅटची. त्यावर चंदेरी रंग असेल तर त्यात ॲल्युमिनियमचा चुरा असतो. उद्यमनगर यांनी पातेल्याबद्दल जे सांगितले तेच त्या रंगालाही लागू आहे, फक्त लहान प्रमाणात: बुडबुडे येतील. बरणीचे झाकण घट्ट लावू नये.

पारदर्शक झाकण शक्य असेल तर आधी अलगद सोडवून घ्यावे. पारदर्शक पॉलिस्टायरीनवर, जिथे ताण असतो तिथे, अल्कोहोलने केसासारख्या बारीक चिरा पडू शकतात. त्याला अल्कोहोल लावूच नये.

पंचगंगाकाठ (९ जुलै)

उशिराबद्दल क्षमस्व. सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले आणि मी महिनाभर गप्प राहिलो, पण तेवढ्यात बरेच घडले.

अल्कोहोलची काडी कोरी निघाली, म्हणजे रंग ऑइल पेंटच. पहिला प्रयोग अंगठ्याचा ठसा असलेल्या हरिकेनवर केला, कारण त्याचे आणखी काय बिघडणार होते. २०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम कॉस्टिक घेतले, गच्चीवरच्या पत्र्याखाली बरणी ठेवली आणि मुलाला जिन्यात उभे केले. पहिल्या संध्याकाळी काहीच दिसले नाही आणि मी द्रावण दुप्पट करायच्या बेतात होतो. छोटासैनिक यांचा भाला आठवला आणि थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या होत्या, आणि दुपारी तो ब्रशने पापुद्र्यासारखा निघाला. खालच्या रेषा नव्यासारख्या आहेत. सिमेंटने जोडलेला एकही सांधा सुटला नाही. सैनिक पाण्यावर तरंगले, आणि किल्लेदारांच्या पद्धतीने पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मोकळे झाले. उरलेले दोन सैनिक मांजर नसलेल्या घरातही हरवले.

दरम्यान शाहूपुरीकरांचे म्हणणे मनात घोळत राहिल्यामुळे उरलेल्या नऊ हिरव्या विमानांना हात लावायचा धीर होईना. शेवटी हा धागा मावशीला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "अरे, तो हिरवा मी लावलाय." मामा परीक्षेला पुण्याला गेले होते, घराला रंग चालला होता, आणि आठवीतल्या मावशीने दादाला आनंद व्हावा म्हणून माळ्याजवळच्या फळीवरची सगळी राखाडी विमाने एका दुपारी हिरवी करून टाकली. नॅट तेवढे मामांच्या पेटीत कुलपात होते, म्हणून वाचले. मामा परत आल्यावर पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि पुढे त्यांनी एकही विमान केले नाही ते त्यामुळे की नोकरी लागल्यामुळे, हे तिला आजही ठरवता येत नाही.

शाहूपुरीकर (९ जुलै)

मी माझे शब्द मागे घेत नाही, परंतु ते नॅटपुरते मर्यादित करतो.

तांबडापांढरा (९ जुलै)

मावशींना या मंचाचे सदस्यत्व सन्मानाने द्यावे. आमच्यापैकी कोणीही एका दुपारी दहा विमाने रंगवलेली नाहीत.

पंचगंगाकाठ (१० जुलै)

नॅटला बरणी दाखवलेली नाही, फक्त पुसले. आठ हिरवी विमाने मोकळी झाली. नववे, म्हणजे स्पिटफायर, मावशीने स्वतःकडे मागून घेतले आहे. ते हिरवेच राहील.

आता शेवटचा प्रश्न. पावसाने गेले पाच दिवस उघडीप दिलेली नाही, आणि मुलाला आजच प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला हात, मारायचा आहे. चालेल का?

उद्यमनगर (१० जुलै)

स्प्रेचा प्रायमर असेल तर चालणार नाही. अशा दमट हवेत थर पांढुरका पडतो आणि खाली ओल धरली तर पुढे सुटतो. भाग साबणाच्या पाण्याने पुन्हा एकदा धुऊन, रेषांमध्ये कॉस्टिकचा अंश राहिलेला नाही याची खात्री करून, दोन दिवस पंख्याखाली वाळवा आणि ऊन पडेपर्यंत थांबा. तोवर हरिकेनच्या पंखावर थोडी लांबी (पुट्टी) भरून वॉटर पेपर ओला करून घासा. अंगठा निघून जाईल.

पंचगंगाकाठ (१० जुलै)

मुलगा म्हणतो, अंगठा राहू द्या.